मोजे काढून टाचा बघा

मधुमेह असलेले बाबा हृदयाच्या त्रासासाठी अ‍ॅडमिट आहेत, मग डॉक्टर त्यांचे पाय कशाला तपासतायत, असं एकाने विचारलंय. तपासतायत हे नशीबच समजा!

माझ्या सासऱ्यांना २० वर्षांचा मधुमेह. न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट होते. साखर दिवसातून ४ वेळा बघायचे, पण पायातले मोजे ६ दिवस कुणी काढले नाहीत. त्यात मीही आलेच. काढले तर उजव्या टाचेवर रुपयाएवढा जांभळा डाग. दुखत होतं म्हणावं तर तेही नाही, मधुमेहाने नसा बधिर झालेल्या. उताणं पडून राहिलं की भार टाचेच्या हाडावर येतो, आपण नकळत पाय हलवतो, त्यांना ती जाणीवच होत नाही.

उशी टाचेखाली नको, पोटरीखाली लांबट ठेवा. टाच अधांतरी राहिली पाहिजे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतंय का. बोटांच्या बेचक्याही बघा. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको, भाजलेलंही कळत नाही.

सासऱ्यांचा न्यूमोनिया १० दिवसांत गेला, टाच भरायला ४ महिने लागले.