होलिस्टिक होमस्कूलिंगची पहिली परिषद: नवख्या पालकांनी जावं की नाही?

पाटीपेन्सिल
परवा दुसऱ्या धाग्यावर भूमितीवाला यांनी लिहिलं की होलिस्टिक होमस्कूलिंगच्या (मुलांना शाळेत न घालता घरीच, सर्वांगीण पद्धतीने शिकवणाऱ्यांच्या) परिषदा म्हणजे शाळेवर रुसलेल्या आईबापांनी एकमेकांची पाठ थोपटायची जागा, नवख्यांनी तिकडे फिरकूही नये. स्वतः एकही परिषद पाहिलेली नाही, हेही त्यांनीच तिथे लिहिलंय. दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

मी यंदा पहिल्यांदाच गेले होते. 'होलिस्टिक' या एका पाटीखाली एकमेकांशी मुळीच न पटणारी माणसं बसलेली असतात, हे नवख्याला आधी कुणी सांगत नाही. यातली नावं शिक्षणाच्या निरनिराळ्या पद्धती मांडणाऱ्यांची आहेत: मॉन्टेसरीवाले तीन-चार वर्षांच्या मुलाला खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायला देतात, तर स्टायनरवाले दुधाचे दात पडायला लागेपर्यंत लिहिण्या-वाचण्याचं नावच काढत नाहीत. शार्लट मेसनवाले जे वाचून दाखवलं ते मुलाकडून त्याच्या शब्दांत परत सांगून घेतात. जॉन होल्टना मानणारे म्हणतात, मुलाने विचारल्याशिवाय शिकवायला जाऊच नका. यातले दोन गट एकाच खोलीत तावातावाने भांडताना मी पाहिले. पाठ थोपटणं असं असतं का?

सगळ्यात मोलाचं सत्र होतं ते घरी शिकून मोठ्या झालेल्या मुलांचं. त्यातली एक मुलगी माईकवर स्पष्ट म्हणाली, "गणिताची मला भीती होती आणि घरात कुणी नेटाने मागे लागलं नाही, याचा मला अजून राग आहे." तिची आई समोरच बसली होती. कुठल्या शाळेच्या समारंभात माजी विद्यार्थ्याला असं बोलू देतात?

पहिल्यांदा जाणाऱ्यांना एकच सांगते. पुस्तकं आणि साहित्य विकणाऱ्यांच्या दालनात पहिल्या दिवशी पाऊल टाकू नका. आपण तिथे पोचतो तेव्हा मनात धाकधूक असते, आणि त्या भरात माणूस काहीही विकत घेतो.

भूमितीवाला
परिषदेला न जाता मत दिलं, हे खरं. पण तिथे दाखवले जाणारे आलेख मी मुळातून वाचलेत. अमेरिकेतल्या घरी शिकणाऱ्या मुलांच्या १९९८ च्या चाचण्यांवरचा रुडनर यांचा अभ्यास हमखास दाखवतात: २०,७६० मुलं, सरासरीपेक्षा कितीतरी वरचे गुण. आता ती मुलं कोण? ज्यांच्या पालकांनी आपणहून एका ठरावीक संस्थेकडून चाचणी घेतली, अशा घरांतली. होमस्कूलिंग शाळेपेक्षा श्रेष्ठ आहे असं या अभ्यासातून सिद्ध होत नाही, हे खुद्द त्या निबंधात लिहिलंय. ती ओळ पडद्यावर का येत नाही? मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे यांची अनस्कूलिंगमधून, म्हणजे ठरावीक अभ्यासक्रमाशिवाय आपल्या ओढीने शिकून, मोठ्या झालेल्यांची पाहणी घ्या. ७५ जण, तेही आपणहून उत्तरं पाठवणारे.

माझ्या बहिणीने मुलांना घरी शिकवलं. नाही जमलं, पुन्हा शाळेत घातलं. ज्या गटात तिचा रोजचा राबता होता, तिथून नंतर एकीचाही फोन आला नाही. तुमच्या व्यासपीठावर तिला बोलावतील का? जे सोडून गेले ते मोजलेच जात नाहीत. उरलेल्यांचं यश बघून नवखे पालक मुलाचं नाव शाळेतून काढतात, हा माझा आक्षेप आहे आणि तो कायम आहे.

रानवारा
शाळेत ज्यांचं फसलं त्यांना शाळा कधी मोजते? माझा मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. घरात सगळे तुटून पडले होते माझ्यावर. अशाच एका परिषदेत चार मुलांच्या आईने माझा हात धरून सांगितलं, थांब. मी थांबले. आज त्याच्या हातातून पुस्तक काढून घ्यावं लागतं. त्या बाईच्या एका शब्दाने मला जेवढा धीर दिला तेवढा तुमच्या वीस हजारांच्या आकड्याने दिला नसता.

वाचनवेडी
रानवारा, तुमच्या मुलाचं छान झालं, पण हा सल्ला जाहीरपणे देऊ नका, कळकळीने सांगतेय. वाचायला अडखळणाऱ्या मुलांबरोबर मी काम करते. माझ्याच भाच्याच्या बाबतीत 'थांबा, फूल आपलं आपण उमलेल' असं सगळे म्हणत राहिले. डिस्लेक्सिया (हुशारी असूनही वाचन-लेखन जड जाण्याची अडचण) आहे हे कळलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि स्वतःला मठ्ठ समजायला लागला होता.

उशिरा सुरुवात करणं वेगळं आणि अडचण असूनही वाट बघणं वेगळं. न्यूझीलंडमध्ये सुगेट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सातव्या वर्षी वाचन सुरू करणाऱ्यांनी पाचव्या वर्षी सुरू करणाऱ्यांना अकराव्या वर्षाच्या आसपास गाठलं. पण त्या मुलांना सातव्या वर्षी नीट शिकवलं होतं, सोडून दिलं नव्हतं. यमक ओळखता न येणं, शब्दातला पहिला आवाज वेगळा काढता न येणं, ओळखीची अक्षरं पुन्हा पुन्हा विसरणं, घरात आणखी कुणाला हाच त्रास असणं ही लक्षणं सहाव्या-सातव्या वर्षीच दिसतात. अशा मुलाला अक्षर आणि आवाजाची जोडी क्रमाने शिकवावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली उपलब्ध संशोधन तपासून फोनिक्सच्या, म्हणजे याच पद्धतीच्या, बाजूने हेच सांगितलं. 'थांब' म्हणणाऱ्या त्या बाईंनी तुमच्या मुलाला एकदा तरी तपासलं होतं का?

रानवारा
तुम्ही तरी तपासलंय का? माझ्या मुलाला न बघता निदान करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? फिनलंडमध्ये सातव्या वर्षी शाळा सुरू होते, तिथली मुलं बिघडली का? तज्ज्ञांच्या याच सुराला कंटाळून आम्ही परिषदा भरवतो. आईला काही कळत नाही, हे गृहीतच.

भूमितीवाला
फिनलंडचं नाव निघणार हे ठाऊक होतं. फिनिश भाषेत जवळपास एका आवाजाला एक अक्षर असतं, त्यामुळे वाचायला शिकणं सोपं जातं. तेरा युरोपीय भाषांची तुलना करणाऱ्या २००३ च्या अभ्यासात वाचनाचा पाया बसायला इंग्रजी मुलांना बाकी बहुतेकांच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. शिवाय फिनलंडमध्ये सहाव्या वर्षीचं पूर्वप्राथमिक वर्ष २०१५ पासून सक्तीचं आहे. वाट बघण्याचं उदाहरण म्हणून फिनलंड चालणार नाही.

हद्दपार
तुम्ही सगळे वाचनावर घसरलात. मी जर्मनीत राहतो. इथे होमस्कूलिंगला परवानगीच नाही. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २००६ मध्ये कोनराड आणि २०१९ मध्ये वुंडरलिख प्रकरणात पालकांच्या विरुद्धच निकाल दिला. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्यापासून घरी शिकवायची मुभा होती, पूर्वी कळवलं की पुरायचं. २०२२ पासून आधी परवानगी मागावी लागते. आणि परिषदांत कायद्याचं सत्र कुठे? शेवटच्या दिवशी, लोक सामान बांधत असताना. ज्यांना जायला मोकळीक आहे त्यांनी जावं की नाही यावर एवढं भांडावं, हे मला खरोखर लागलं.

वाचनवेडी
हद्दपार, तुमची अडचण समजते. पण मला दोन्ही टोकांची भीती वाटते. अमेरिकेत काही राज्यांमध्ये मूल घरी शिकतंय हे कुणाला कळवावंही लागत नाही. माझ्या भाच्यासारख्या मुलाला तिथे कोण बघणार?

रानवारा, निदान मी केलेलं नाही. तुमच्या मुलाला काही नव्हतंच, असंही असेल. पण तुमची गोष्ट वाचून दुसरी आई थांबेल, तिच्या मुलाचं काय? शाळा सोडल्यावर 'शाळेच्या दर वर्षामागे एक महिना नुसतं मोकळं सोडा' हा डीस्कूलिंगचा नियम असाच तोंडोतोंडी फिरतो. त्यामागे कुठलं संशोधन आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

पाटीपेन्सिल
धागा पार भरकटला, तरी एक सांगते. परिषदेत तीन दालनं चित्रकला, निसर्गवही आणि विणकामाला होती. मूल अडलंय हे ओळखायचं कसं, यावर एकही सत्र नव्हतं. वाचनवेडी यांचं म्हणणं मला पटतं, तरीही जाऊ नका असं मी म्हणणार नाही. हे प्रश्न तिथे जाऊनच विचारायला हवेत. आयोजकांना मी दोन सत्रं मागितली आहेत: एक वाचनातल्या अडचणींवर, दुसरं पुन्हा शाळेकडे वळलेल्या पालकांचं. भूमितीवाला, बहिणीला विचारा, बोलतील का.

भूमितीवाला
ती मुलगी आईसमोर तसं बोलली असेल, तर 'पाठ थोपटणं' हे माझं विधान त्या सत्रापुरतं मागे घेतो. आलेखांबद्दलचं नाही. बहिणीला विचारतो, पण तिला अवघडल्यासारखं झालं तर मी आग्रह करणार नाही.

रानवारा
वाचनाचं सत्र ठेवलं तर मी येईन. पण तिथे बोलणाऱ्याने आधी आयांचं ऐकून घ्यायचं, मग लक्षणांची यादी वाचायची.

वाचनवेडी
ऐकून घेईन. यादी मात्र पूर्ण वाचेन.