सर्वंकष सत्तेला नेमकं हवं काय असतं?

शनिवारपेठी (धागाकर्ता)
परवा नव्या पेठेत सर्वंकष सत्तेवरच्या, म्हणजे माणसाचं सगळं जगणंच ताब्यात घेऊ पाहणाऱ्या राजवटींवरच्या, एका व्याख्यानानंतर जिन्यातच वाद रंगला. एक गृहस्थ ठासून म्हणाले, "यांना खुर्ची आणि पैसा हवा असतो, विचारधारा वगैरे सगळं सोंग." मला पटलं नाही.

खुर्ची-पैसावाले पुण्याने पाहिलेत. घाशीराम कोतवालाने लोकांना लुबाडलं, छळलं, आणि १७९१ मध्ये लोकांनीच त्याला दगडांनी ठेचलं. पण तुम्ही घरात मुलाला कोणती गोष्ट सांगता याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आता जर्मनी बघा. हिटलर चॅन्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला. २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकारच सरकारला देऊन टाकला. १४ जुलैपासून दुसरा पक्ष काढणं हा गुन्हा. इथवर खुर्चीचं गणित जुळतं. मग गावोगावची गायनमंडळं आणि खेळाचे क्लब कशाला ताब्यात घेतले? तिथल्या ज्यू सभासदांना हाकललं, वर पक्षाच्या मर्जीतली माणसं बसवली. गाण्यापासून कसला आलाय धोका! चार माणसं सरकारला न विचारता जमतात आणि एकमेकांवर विश्वास टाकतात, हे खुपत होतं. उद्या भिशी, भजनी मंडळ आणि सोसायटीची समिती या तिन्हींवर वरून अध्यक्ष नेमला गेला, तर शेजाऱ्याशी मोकळं बोलायचं कुठे? माणूस एकटा पाडणं हाच मूळ हेतू, असं माझं मत.

कर्वेनगरचा बाक
असहमत. उठाव जिथून होऊ शकतो ती जागा मोडायची, हे खुर्ची राखण्याचंच काम झालं. गणपतीतल्या मेळ्यांच्या पदांवर इंग्रजांचीही करडी नजर होती. मग तेही सर्वंकष का? उगाच गूढ करू नका.

शनिवारपेठी
इंग्रजांनी मेळे दाबले, पण "आमचे मेळे काढा आणि त्यात नाचा" अशी सक्ती केली नाही. गप्प बसलेला माणूस त्यांना चालत होता. या राजवटींना तो चालत नाही. त्यांना टाळ्या लागतात, आणि वाजवताना आधी कोण थांबलं तेही बघायचं असतं.

आकडेमोड
माणसांबरोबर आकडेही एकटे पाडतात. स्टालिनने १९३४ च्या पक्ष अधिवेशनात देशाची लोकसंख्या १६.८ कोटी सांगितली. जानेवारी १९३७ ची जनगणना भरली १६.२ कोटी! मधल्या वर्षांत वाढ व्हायची सोडून घट, कारण १९३२-३३ च्या दुष्काळाचे बळी त्या हिशेबात कधी धरलेच नव्हते. शिवाय धर्माचा रकाना होता, त्यात १६ वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी स्वतःला आस्तिक म्हणवलं. जनगणना रद्द झाली, ती करणारे अधिकारी तुरुंगात गेले, काहींना गोळ्या घातल्या. १९३९ च्या नव्या मोजणीत आकडा बरोबर १७ कोटींवर. नुसत्या खुर्चीसाठी अहवाल कपाटात कोंबला असता तरी भागलं असतं.

तिरकस
तुम्ही सगळे वरच्या एका माणसाच्या डोक्यात शिरताय. स्टालिनच्या गुप्त पोलिसांच्या जुलै १९३७ च्या त्या कुप्रसिद्ध आदेशात प्रांतवार कोटा होता, सुरुवातीला सुमारे ७६ हजार माणसं मारायची. मग प्रांतांतून मागण्या आल्या, आमचा कोटा वाढवून द्या! शेवटी आकडा त्याच्या कित्येक पट झाला. त्या साहेबांना कुठली विचारधारा? मागे पडलो तर पुढचं नाव आपलं, एवढंच. हेतू वर शोधू नका, मधल्या टेबलांवर शोधा.

कर्वेनगरचा बाक
म्हणजे तुम्हीही शेवटी खुर्चीवरच आलात, फक्त लहान खुर्ची. धन्यवाद.

येरवड्याचा शेजारी
रशिया-जर्मनी कशाला, आणीबाणी आठवा. येरवडा राजबंद्यांनी भरलं होतं. आणि कोट्याचं म्हणाल तर नसबंदीचे कोटे शाळामास्तरांनाही होते. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून वाचलो.

शनिवारपेठी
जुलूम होताच, पण सर्वंकष म्हणवत नाही. डिसेंबर १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रीय मंत्री, समोर असताना. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली हे खरं. पण मॉस्कोत १९३७ साली असं संमेलन भरलं असतं तर ऐकणारेही घरी परतले नसते. आणि १९७७ ला निवडणूक झाली.

येरवड्याचा शेजारी
झाली, पण का झाली ते बघा. वृत्तपत्रांची तोंडं बांधल्यावर खरी हवा दिल्लीला कळणार कुठून? समोर येणारे सगळे "उत्तम चाललंय" म्हणणारे. आकडेमोड यांच्या जनगणनेचीच गत. अंदाज आला असता तर निवडणूक घेतली असती का?

तिरकस
अहो, पण हरल्यावर इंदिराबाई पायउतार झाल्या. ते कुठल्या रकान्यात घालणार?

येरवड्याचा शेजारी
मतदारांच्या. बाईंच्या नाही.