मदत हवी आहे: दव पडतंय, सेन्सरला पत्ताच नाही

रात्रपाळी:
तीन रात्री जागून काढल्या. पहाटे हात फिरवला की तळवा ओला, आणि हवामान स्टेशन म्हणतं आर्द्रता ८८ टक्के. ९८ च्या वर गेली की 'दव' अशी नोंद कोडमध्ये ठेवलीय, ती एकदाही लागली नाही. सेन्सरही बदलला. लवकर सांगा, आज पुन्हा लावायचंय.

सोल्डरबहाद्दर:
कुठला सेन्सर? किती उंचीवर? हात कशावर फिरवला?

रात्रपाळी:
नेहमीचाच, हवेचं तापमान-आर्द्रता मोजणारा बीएमई२८०. दोन मीटरवर, पांढऱ्या खोक्यात. त्याने काय फरक पडतो?

माळरान:
तिथेच तर फरक आहे! निरभ्र रात्री, वारा पडलेला असला की उघडा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि हवेपेक्षा दोन-चार अंश थंड होतो. तो दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते त्याच्या, खाली गेला की ओला. खोक्यातली हवा १०० टक्क्यांवर जायची काही गरज नाही. तापमान किती होतं?

रात्रपाळी:
१८.

माळरान:
मग दवबिंदू १६. दोनच अंशांचा प्रश्न.

पानोपानी:
गणितं कशाला करताय? पानओलावा सेन्सर लावा. ओलं की कोरडं, तोच सांगतो. माझा मस्त चालतो.

सोल्डरबहाद्दर:
तो स्वतः ओला झालाय का एवढंच सांगतो. शिवाय सतत डीसी दिला की तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडून झिजतात. माझ्या दोन गेल्या.

पानोपानी:
माझा कपॅसिटिव्ह आहे, त्यात उघड्या पट्ट्या नसतात. आधी विचारावं, मग बोलावं.

आकाशवेडा:
दुर्बिणीच्या भिंगाभोवती हीटरची पट्टी गुंडाळा, दव धरतच नाही.

रात्रपाळी:
अहो, मला दव मोजायचंय, घालवायचं नाही! आणि लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर पत्र्यावर रोखलाय, तो रात्री दहाला उणे ९ दाखवतो. हाही बिघडला का?

माळरान:
पत्रा! हे आत्ता सांगताय? चकचकीत असणार. त्याची उत्सर्जकता, म्हणजे स्वतःची उष्णता किरणांतून सोडण्याची क्षमता, कमी, म्हणून सेन्सरला त्यात थंड आकाशाचं प्रतिबिंब दिसतं. वायरमनची काळी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर रोखा. किंवा पत्र्याच्या खालून डीएस१८बी२० हा स्पर्शाने तापमान मोजणारा सेन्सर चिकटवा, तेच बरं.

सोल्डरबहाद्दर:
थांबा, पट्टी लगेच लावू नका. पहाटे किती दाखवतो?

रात्रपाळी:
१२ वगैरे. म्हणूनच तर बिघडलाय म्हणतोय. पहाटे पत्रा तापेल कसा?

सोल्डरबहाद्दर:
तापला नाही, ओला झाला. पाण्याची उत्सर्जकता ०.९५ च्या वर. पाणी धरलं की आकाश दिसेनासं होतं आणि आकडा खऱ्या तापमानाजवळ येतो. नोंदीत उडी कधी दिसते?

रात्रपाळी:
आत्ता पाहिलं. काल साडेबारा ते एक, उणे ६ वरून थेट ११. परवा पावणेदोनला. असल्या उड्या मी एरर समजून आलेखातून गाळत होतो.

पानोपानी:
तरी पानओलावा सेन्सर घ्याच.