बालबाजारातला खरा नफा मुलांना कसा काढायला लावावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. दर हिवाळ्यात आमच्याकडे बालआनंद मेळावा भरतो. वडापाव, भेळ, मठ्ठा, बोरं, रानातली मेथी असं सगळं मुलं विकायला मांडतात. सरपंच फीत कापतात, फोटो व्हॉट्सअॅपवर जातात आणि संध्याकाळी जो तो सांगतो, "बाई, मला चारशे रुपये नफा झाला!"

नफा कसला, ती नुसती विक्री. बेसन-तेल घरचं, गॅस घरचा, वडे आईने पहाटे उठून तळलेले. मेथीवाल्याच्या मते तर खर्च शून्यच, कारण भाजी "आपल्याच रानातली". हे एक वाक्य पोरांच्या डोक्यातून निघालं तरी मेळावा सार्थकी लागला म्हणेन. (मोठ्यांच्याही डोक्यातून निघालेलं नाही, ते असो.) सहावीच्या गणितात नफा-तोटा आहे, उदाहरणं पटापट सोडवतात. पण तिथे खरेदी किंमत आयती छापलेली असते. ती स्वतः काढायची म्हटलं की गाडी अडते.

म्हणून यंदा पाच-पाच जणांचे गट करतेय. वर्गाच्या 'बँके'तून गटाला 200 रुपये कर्ज, परत करायचे 210. घरून आणलेल्या वस्तूची दुकानातल्या भावाने वहीत नोंद. आधी लिज्जत पापडाची गोष्ट सांगणार आहे: 1959 साल, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले 80 रुपये, पहिल्या दिवशी चार पाकिटं. त्या 80 रुपयांत काय काय घ्यावं लागलं असेल, ते मुलांनीच मांडायचं. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2021 मध्ये 'बिझनेस ब्लास्टर्स' सुरू झालं, त्यात अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी 2000 रुपये भांडवल होतं. आमच्याकडे एवढे पैसे नाहीत, आणि सातवीला ते नकोतही.

आता अडलंय कुठे ते सांगते.

आईच्या कष्टाचे पैसे धरायचे का? कच्चा हिशेब करून बघितला. 40 वडापाव, 10 रुपयांनी 400. सामान 280. उरले 120. आईचे तीन तास, तासाला 40 धरले तर तेही 120. वर व्याजाचे 10, म्हणजे गट तोट्यात! हे खरंच आहे, पण बारा वर्षांच्या मुलांचा हिरमोड न करता कसं सांगावं?

दुसरं, बुडालेल्या गटाचं काय करायचं? कर्ज माफ केलं तर पुढच्या वर्षी कुणी परत करणार नाही. वसूल करावं तर काही घरांत दहा रुपयेही जड जातात. पैशांऐवजी दुसऱ्या गटांच्या वह्या तपासून फेडायला लावलं तर? कुणी असं केलंय का?

शिवाय गिऱ्हाईक म्हणजे पालक आणि आम्ही शिक्षक. कौतुकाने काहीही, कितीलाही घेतो. मग भाव चुकला हे मुलांना कळणार कसं? एकाच पदार्थाचे दोन स्टॉल शेजारी लावावेत का? की भांडणं होतील?

उधारी मात्र बंद, ते ठरलंय.

कुणाकडे साध्या हिशेबवहीचा नमुना असेल तर रकाने इथे लिहा. चार-पाचच असावेत, त्याहून जास्त झाले की मुलं वही घरी मोठ्या ताईकडून भरून आणतात.