हॉकी विश्वचषक : तेव्हा तुम्ही कुठे होतात?

पुरुषांच्या हॉकी विश्वचषकातला एखादा सामना मैदानात बसून पाहिलाय? की रेडिओला कान लावून ऐकलाय? स्कोअर कुणालाही सापडतो. त्या दिवशी तुमच्या आजूबाजूला काय चाललं होतं, ते लिहा. सुरुवात मी करते, त्याखाली बाकीच्यांच्या आठवणी.

भुवनेश्वर, २०१८
अंतिम सामन्याची तिकिटं आम्ही भारत तिथे असणार या आशेवर आधीच काढली होती. तीन दिवस आधी नेदरलँड्सने आपल्याला २-१ हरवलं. नवरा म्हणाला, आता कशाला जायचं? तरी गेलो, आणि कलिंग स्टेडियममध्ये जाऊन बघतो तर आमच्या आसपास एक खुर्ची रिकामी नाही! बेल्जियम-नेदरलँड्स सामना पूर्ण वेळात ०-० राहिला. शेजारचे ओडिया काका दोन्हीकडच्या प्रत्येक चांगल्या टॅकलला टाळ्या वाजवत होते. मग शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरसमोर गोल करायचा. डी स्लोवरने चेंडू जाळ्यात घातला, बेल्जियमचे खेळाडू नाचत सुटले. पण व्हिडिओत चेंडू पायाला लागलेला दिसला, हॉकीत ते चालत नाही, आणि गोल रद्द! जिंकलेलं हातातून गेल्यावर परत शांतपणे उभं राहायचं आणि परत जिंकायचं. ते त्यांनी केलं, ३-२. काका उभे राहून रडत होते. ना ते बेल्जियमचे, ना मी.

सातारा जिल्हा, १९७५
मी सातवीत. गावात मोजके रेडिओ, त्यातला एक आमच्या कोनाड्यात. क्वालालंपूरचा उपांत्य सामना ऐकायला ओसरी भरलेली. मलेशिया २-१ पुढे, वेळ संपत आलेली. आपल्याला शॉर्ट कॉर्नर (म्हणजे पेनल्टी कॉर्नर, गोल करायची खास संधी) मिळाला आणि बाकावर बसवलेल्या अस्लम शेर खानला आत पाठवलं. त्याने बरोबरी केली, तेव्हा आमचे अण्णा, जे कधी आवाज चढवत नसत, इतके ओरडले की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. जादा वेळात हरचरणने जिंकून दिलं.
१५ मार्चच्या फायनलला तर श्वास घ्यायची चोरी. पाकिस्तानविरुद्ध १-१. अशोक कुमारचा फटका खांबाला लागून बाहेर आला, पाकिस्तानचे खेळाडू हरकत घेतायत, आणि आम्हाला दिसत काहीच नाही. गोल दिला की नाही? ते काही क्षण मला आजही तसेच आठवतात. दिला होता. २-१. अण्णांनी रेडिओला हळदकुंकू लावलं. तो विश्वचषक आपण जिंकलेला एकमेव, हे कुणाला तेव्हा खरं वाटलं असतं?

द हेग, २०१४
इथे नोकरीला आहे. फुटबॉलच्या स्टेडियमवर टर्फ अंथरून सामने भरवले होते. बेल्जियमने शेवटच्या काही सेकंदांत गोल करून आपल्याला ३-२ हरवलं. दोन दिवसांनी इंग्लंडनेही अगदी शेवटाला, २-१. दोन्ही वेळा तिरंगा गुंडाळून ट्रॅममध्ये बसलो. एका डच आजोबांनी हातातला झेंडा बघून विचारलं, ‘भारत? ध्यानचंदांचा?’ मला हो म्हणतानाही घसा दाटला.

खडकी
मैदानात जाणं कधी जमलं नाही. पण १९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतर जागतिक संघात, म्हणजे जगातल्या निवडक अकरांत, आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेचं नाव आलं, तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं तुटक्या हॉकीला सुतळी गुंडाळून खेळत होती. तोही तसाच शिकला होता. अजून काय लिहू!

राउरकेला, २०२३
नागपूरहून रेल्वेने गेलो, मुलगी नऊ वर्षांची. बिरसा मुंडा स्टेडियम नवंकोरं, भारताचा पहिलाच सामना स्पेनशी. मी मुलीला सांगत होते की टीव्हीपेक्षा इथे एक गोष्ट वेगळी असते, चेंडू गोलमधल्या फळीवर आपटल्याचा खाडकन आवाज. त्या दिवशी तो ऐकूच आला नाही, एवढी माणसं ओरडत होती.
पेनल्टी कॉर्नरवर परत आलेला चेंडू अमित रोहिदासने आत मारला. हा इथलाच, सुंदरगड जिल्ह्यातला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली, मागे वळली आणि माझ्या मुलीचे दोन्ही हात धरून हलवायला लागली. भाषा कळेना. पुन्हा पुन्हा मैदानाकडे बोट दाखवून मग ती स्वतःच्या छातीवर हात ठेवत होती. २-० जिंकलो. नऊ दिवसांनी न्यूझीलंडकडून शूटआउटमध्ये हरलो, तेव्हा घरी टीव्हीसमोर मुलीने विचारलं, ‘आई, त्या आजी पण बघत असतील का गं?’