मुलांच्या रात्रीच्या जेवणासाठी भरिताची पंगत : मुलांनी वाढायला उभे राहावे का?

प्रश्न (जळगाव)

जळगावात शिकायला आलेल्या 24 मुलामुलींच्या रात्रीच्या जेवणाची व्यवस्था आमच्या काही कुटुंबांचे मंडळ गेल्या वर्षापासून एका नोंदणीकृत संस्थेमार्फत करीत आहे. ही मुले धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, यावल या सातपुड्यालगतच्या तालुक्यांतील पावरा, भिल्ल आणि तडवी कुटुंबांतली असून, शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्याने भाड्याच्या खोल्यांत राहतात. दिवाळीनंतर अनेकांचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात, घरून येणारे पैसे थांबतात आणि शासनाच्या स्वयं योजनेची (वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणासाठीची) रक्कम खात्यात जमा होईपर्यंत मुले पहिली काटछाट करतात ती रात्रीच्या जेवणात. एका मुलीने दोन महिने संध्याकाळी केवळ केळी खाऊन काढले, हे आम्हाला तिच्या मैत्रिणीकडून कळले आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही.

निधीसाठी 300 ताटांची भरीत आणि कळण्याच्या पुरीची पंगत घालावी, ताटामागे 500 रुपये घ्यावेत, असे ठरत आहे. मंडळातील काही जणांचे म्हणणे असे की, मुलांनी वाढायला उभे राहावे, म्हणजे आपला पैसा कोणासाठी जातो हे देणाऱ्यांना दिसेल. मला ते खटकते, पण का खटकते हे बैठकीत नीट मांडता आले नाही. शिवाय परवानग्या आणि हिशेब यांचीही माहिती हवी आहे.

उत्तर 1 (अमळनेर, निवृत्त शिक्षक)

ताई, आपल्याला खटकले ते योग्यच आहे. मी 1966 ते 1970 ही चार वर्षे वार लावून जेवलो. सात घरी सात वार, आणि त्यांतल्या पाच घरांनी मला पोटच्या मुलासारखे वाढले. तरीही आज आठवते ते गुरुवारचे घर, कारण तिथे पाहुणे आले की यजमान माझ्याकडे बोट दाखवून ‘हा आपल्याकडे जेवणारा मुलगा’ अशी ओळख करून देत आणि घास घशात अडकत असे. अन्न तेच होते. अडचण होती ती अन्न आणि मी दोघांनाही एकदम दाखवले जाण्याची. आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ती सोय जातीच्या आत फिरणारी होती. मला वार मिळाले, पण माझ्याच वर्गातल्या भिल्ल मुलाला गावात एकही वार मिळाला नाही आणि नववीनंतर तो शाळेत दिसला नाही.

साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात आमच्या गावच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. ते मुलांची धुणी धूत, खोल्या झाडत, असे येथे आजही सांगितले जाते. सेवा करणारा मुलांच्या बाजूने उभा असे, मुलांना समोर उभे करीत नसे. पंगतीत हाच फरक पाळावा.

उत्तर 2 (धुळे, संस्थांचे हिशेब पाहतो)

परवानगीचे प्रथम सांगतो. निधी नोंदणीकृत न्यासाच्या नावाने आणि त्याच्याच पावतीपुस्तकावर गोळा करावा; मंडळाच्या नावाने परस्पर पैसे गोळा करायचे असतील, तर धर्मादाय कार्यालयाकडे आधी जावे लागते. स्वयंपाक ज्यांच्याकडे द्याल त्यांची अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खालील नोंदणी किंवा परवाना पाहून घ्यावा. ताटाचे मूल्य आणि देणगी यांच्या पावत्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण जेवणाच्या मोबदल्यात दिलेली रक्कम ही करसवलतीची देणगी ठरत नाही. 2000 रुपयांवरील रोख देणगीला आणि नवी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला ती सवलत मुळीच मिळत नाही, हेही आधीच सांगून ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. 300 ताटांचे 1,50,000 रुपये येतील. ताटामागे 150 रुपये खर्च धरला तर 45,000 वजा जाऊन 1,05,000 उरतील. 24 मुलांचे रात्रीचे जेवण ताटाला 50 रुपयांप्रमाणे रोज 1,200 आणि महिन्याला 36,000 होते. म्हणजे एवढी खटपट करून आपण तीन महिनेही पूर्ण चालवू शकत नाही. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर उरलेल्या सात महिन्यांचे उत्तर पंगतीच्या दिवशीच मिळवले पाहिजे, नाहीतर पुढच्या दिवाळीनंतर मुले पुन्हा केळ्यांवर येतील.

उत्तर 3 (यावल, बचत गटाची सदस्य)

आमच्या गटाने अशा पंगती केल्या आहेत, म्हणून थोडे कामाचे लिहिते. चातुर्मासात वांगे न खाणारी वडीलधारी मंडळी चंपाषष्ठीपर्यंत भरिताला हात लावत नाहीत आणि त्याच सुमारास मुलांच्या सत्र परीक्षाही असतात. त्यामुळे पंगत जानेवारीत ठेवावी. तेव्हा भरिताच्या हिरव्या वांग्यांना चवही उत्तम असते. आम्ही माणशी 300 ग्रॅम कच्ची वांगी धरतो, म्हणजे तुम्हाला 90 किलो लागतील. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवरच भाजावीत. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही आणि पाहुण्यांना ते पहिल्याच घासाला कळते. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वर शेंगदाण्याचे तेल, बस्स. ज्वारी आणि अख्खे उडीद दळून कळण्याचे पीठ आदल्या दिवशी तयार ठेवता येते. भरीत मात्र पंगतीच्या वेळेलाच ठेचावे, आधी करून झाकून ठेवू नये.

मुलांचा हात लागूच नये असे मला वाटत नाही. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी आमच्याबरोबर चुलीपाशी काम करावे आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी घ्यावी. ती मजुरी खर्चात दाखवावी, देणगीत नव्हे.

उत्तर 4 (धडगावचा, सध्या पुण्यात नोकरी)

मी अशाच एका कार्यक्रमात मंचावर उभा राहिलो आहे. माझ्या हातात पाकीट दिले, छायाचित्र काढले आणि ‘घरी काय खातोस?’ असे माइकवर विचारले. घरी आम्ही मोर आणि बर्टी ही डोंगरात पिकणारी भरड धान्ये खात असू. मी ‘वरण-भात’ असे खोटे सांगितले. त्या खोट्याची लाज मला त्या पाकिटापेक्षा जास्त वर्षे पुरली.

मुलांना विचारा. त्यांना त्यांच्या घरचा एक पदार्थ ताटात ठेवायचा असेल, तर त्याचे नाव इतर पदार्थांसारखेच भोजनपत्रिकेत लिहा आणि मुलांना तिकिटाशिवाय, इतर पाहुण्यांच्याच पंगतीला बसवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काल बैठकीत ही सर्व उत्तरे वाचून दाखवली. अमळनेरच्या गुरुजींचा वार आणि धुळ्याच्या भाऊंचा हिशेब एकत्र ठेवल्यावर एक मार्ग दिसला: एका संध्याकाळचे 1,200 रुपये म्हणजे एक वार. पंगतीच्या दाराशी पुढील सात महिन्यांचा तक्ता लावायचा आणि ज्या कुटुंबाला जो दिवस घ्यावासा वाटेल त्या चौकटीत त्याने आपले नाव लिहायचे. मुलांपैकी कोणाचेही नाव वा छायाचित्र तक्त्यावर नसेल आणि कोणत्या दिवशी कोणी दिले हे त्यांना कळवले जाणार नाही.

मंडळातल्या 11 कुटुंबांनी बैठक संपण्यापूर्वीच 19 वार लिहून दिले. पंगत जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ठरली आहे. यावलच्या ताईंनी कृपया गटाचा ताटाचा दर कळवावा. मुलांना काल संध्याकाळी विचारले. पाच जण चुलीपाशी काम करायला तयार आहेत आणि दोघींनी बर्टीचा भात करू का, असे आपणहून विचारले आहे.