चौघींची एकच सही : विद्यार्थ्यांनी सामाईक भाडेकरार करावा का?

कोपऱ्यातली खोली

विद्यापीठाजवळ घर शोधताना आम्ही चौघींनी अंतर मोजले, नळाला पाणी किती जोरात येते ते पाहिले, भिंतींवर ओल आहे का हे हात लावून तपासले. करारातील एका ओळीकडे मात्र कोणीच नीट पाहिले नाही. ‘सर्व भाडेकरू संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार राहतील’ अशी ती ओळ होती. खरे सांगायचे तर ‘पृथकपणे’ हा शब्द वाचून मला हायसेच वाटले होते, कारण ज्याने त्याने आपापला हिस्सा द्यायचा असा त्याचा अर्थ मी लावला होता. तो नेमका उलटा निघाला. संपूर्ण भाडे मालक चौघींकडून मिळून मागू शकतो आणि वाटल्यास कोणाही एकीकडून सगळेच्या सगळे वसूल करू शकतो.

पाचव्या महिन्यात आमच्यातील एकीने अभ्यासक्रम सोडला आणि ती घरी निघून गेली. भाडे तेवढेच राहिले, वाटेकरी मात्र तीन झाले. चौथ्या हिश्शाच्या जागी तिसरा हिस्सा आला, म्हणजे प्रत्येकीचा खर्च एक तृतीयांशाने वाढला. दुसरीही गेली असती तर तो मूळच्या दुप्पट झाला असता. याहून मोठा धक्का हमीपत्राचा होता. माझे वडील हमीदार होते आणि आपण मुलीच्या हिश्शापुरती सही करत आहोत अशी त्यांची समजूत होती, परंतु कागदावर ‘करारान्वये देय असणारी सर्व रक्कम’ असे शब्द होते.

ज्यांना आपण जेमतेम तीन आठवडे ओळखतो त्यांच्या कर्जाला आपण कधीही जामीन राहणार नाही, मग घर घेताना तेच का करतो? विद्यार्थ्यांनी प्रत्येक खोलीचा स्वतंत्र करारच मागावा आणि तो मिळत नसेल तर विद्यापीठापासून थोडे दूरचे घर पत्करावे, असे माझे मत झाले आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे.

घरधनी

मला पटत नाही, आणि मी पलीकडच्या बाजूचा असल्यामुळे ते स्पष्टच लिहितो. गेली बारा वर्षे मी एक घर विद्यार्थ्यांना भाड्याने देत आहे. मी घर देतो, चार खोल्या देत नाही. त्या घरात कोणी कोणाबरोबर राहायचे हे ठरवण्यात माझा काडीचाही भाग नसतो. आपल्या मैत्रिणी आपणच निवडल्या होत्या. त्या निवडीचे फळ मी का भोगावे?

विद्यापीठाजवळच्या घरांचा व्यवहार इतर घरांसारखा नसतो, हेही लक्षात घ्यावे. प्रवेशाच्या आसपासचे काही आठवडे एकाच घरासाठी पाच-पाच गट रांगेत असतात आणि तो काळ सरला की विचारायलाही कोणी येत नाही. पाचव्या महिन्यात रिकामी झालेली खोली बहुतेक वेळा पुढच्या प्रवेशापर्यंत रिकामीच राहते. तिचा भार कोणाला तरी उचलावाच लागतो. खोलीनिहाय करार केला तर तो माझ्यावर येईल, आणि मी तो पहिल्याच दिवशी चारही खोल्यांच्या भाड्यात मिळवून टाकीन. म्हणजे जी मैत्रीण कदाचित सोडून जाईल तिच्यासाठी आपण आधीपासूनच पैसे भरत राहाल, ती वर्षभर राहिली तरीही.

हमीपत्राबद्दल एवढेच म्हणतो की ते वाचण्याची जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

तिसरी किल्ली

धागाकर्तीने सुचवलेला उपाय मी दोन वर्षे प्रत्यक्ष करून पाहिला आहे, म्हणून लिहावेसे वाटले. माझा करार फक्त माझ्या खोलीचा होता. भाड्याच्या बाबतीत खरोखरच निश्चिंत होते. शेजारच्या खोलीतील मुलाने तीन महिने पैसे थकवले ही बातमी मला तो निघून गेल्यावर कळली आणि तिचा मला एका पैशाचाही भुर्दंड पडला नाही.

पण त्या निश्चिंतीची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. रिकाम्या खोलीत पुढे कोण येणार हे मला कोणी विचारले नाही, विचारण्याचे कारणही नव्हते. एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर एक पूर्ण अनोळखी गृहस्थ माझ्या भांड्यांत पाणी तापवत होते. ते आदल्या रात्रीच राहायला आले होते. कागदोपत्री माझी खोली माझी होती, परंतु दिवाणखाना आणि स्वयंपाकघर आमच्यापैकी कोणाचेच नसल्यामुळे ते मालकाचेच राहिले. न सांगता येणे, कपाटे उघडून पाहणे, भिंतीवर सूचना चिकटवून जाणे, हे सगळे मालक हक्काने करत. सामाईक करार असता तर संपूर्ण घराचा ताबा आमच्याकडे असता आणि ‘येण्यापूर्वी कळवा’ असे निदान म्हणता तरी आले असते.

शिवाय घर सोडताना ओट्याला गेलेल्या तड्याचे पैसे चौघांच्याही अनामत रकमेतून समान कापले गेले, कारण तडा कोणी पाडला हे ठरवता येत नव्हते. अगदी स्वतंत्र करारातही चौथा हिस्सा पाठ सोडत नाही.

कोपऱ्यातली खोली

तिसरी किल्ली यांचा अनुभव वाचून वाईट वाटले, तरीही माझे मत बदलत नाही. भांड्यांत पाणी तापवणारा अनोळखी माणूस त्रासदायक असतो हे मान्य. पण त्याच्यामुळे वडिलांना फोन करून ‘आणखी पैसे पाठवा’ असे सांगावे लागत नाही.

घरधनी, आम्ही करार वाचायला हवा होता हे आपले म्हणणे योग्यच आहे. परंतु आपल्या दारात पाच गट उभे असताना ‘हा करार दोन दिवस घरी नेऊन वाचतो’ असे म्हणणाऱ्या गटाला आपण घर दिले असते का, याचेही उत्तर द्यावे.

कलमबहाद्दर

दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे सांगितले जात आहे, म्हणून उरलेले लिहितो.

सामाईक जबाबदारी ही एखाद्या मालकाने काढलेली युक्ती नव्हे; अनेक ठिकाणी कायद्याचा मूळ नियमच तसा आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 43 पाहावे. अनेकांनी मिळून वचन दिले असेल आणि विरुद्ध काही ठरलेले नसेल, तर ज्याला वचन दिले तो त्यांच्यापैकी कोणाकडूनही संपूर्ण पूर्तता मागू शकतो. म्हणजे ती ओळ करारात नसती तरी धागाकर्तीची सुटका झालीच असती असे नाही. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की ज्याला भरावे लागले तो इतरांकडून समान वाटा मागू शकतो, आणि एखाद्याने आपला वाटा बुडवला तर ती तूट उरलेल्यांनी सारखी सोसायची. निघून गेलेल्या मैत्रिणीवरील तिघींचा हक्क त्यामुळे संपलेला नाही; फक्त तो बजावण्यासाठी मैत्रिणीवर दावा लावावा लागेल, आणि दाव्याचा खर्च बहुधा वसुलीपेक्षा जास्त होईल.

सामाईक कराराचा आणखी एक धोका कोणी मांडलेला दिसत नाही. इंग्लंडमध्ये 1991 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायपीठ) असा निर्णय दिला की मुदत न ठरवता कालावधीगणिक चालू राहणाऱ्या सामाईक भाडेकरारात एकाच भाडेकरूने रीतसर नोटीस दिली तरी संपूर्ण भाडेकरारच संपतो, मग इतरांची संमती असो वा नसो. एकजण गेल्यामुळे भाडे वाढते एवढीच भीती बाळगणाऱ्यांनी, एकाच्या कागदाने सगळ्यांचेच घर जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

अनामत रकमेचा प्रश्नही वेगळा आहे. जर्मनीत ती मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही; इंग्लंडमध्ये विद्यार्थी सहसा ज्या प्रकारच्या कराराने घर घेतात त्यातील अनामत एप्रिल 2007 पासून अधिकृत संरक्षण योजनेत ठेवावी लागते. हे नियम मालकापासून संरक्षण देतात, सोबत्यांपासून देत नाहीत. सामाईक करारात अनामत एकच असते. मधेच जाणाऱ्याला तिचा चौथा भाग मालक बहुधा परत करत नाही. नवा येणारा ती रक्कम परस्पर त्याच्या हातात देतो आणि त्याने केलेली मोडतोडही नकळत विकत घेतो. म्हणून माणूस बदलेल त्या दिवशी घराची छायाचित्रे पुन्हा काढावीत आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. पहिल्या दिवसाची छायाचित्रे पुष्कळजण काढतात, या दिवसाची काढताना मी अजून कोणाला पाहिलेले नाही.

माझे मत विचाराल तर सामाईक करार अवश्य करावा, मात्र दोन बदल करून घ्यावेत: हमीदाराची जबाबदारी एका हिश्शापुरती मर्यादित असावी, आणि बदली भाडेकरू योग्य असेल तर मालकाने त्याला विनाकारण नाकारू नये असे कलम असावे.

घरधनी

दुसरा बदल मी आजच मान्य करतो. पहिला करणार नाही. प्रत्येक हमीदार चौथ्या हिश्शापुरताच बांधील असेल, तर जो निघून गेला त्याच्या हमीदाराच्या मागे मलाच धावावे लागेल, आणि मग खोलीनिहाय करारात व यात माझ्यासाठी फरक तो काय राहिला?

धागाकर्तीच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की नाही, त्या गटाला मी थांबवून ठेवले नसते. मात्र कराराचा कोरा मसुदा घर दाखवतानाच हातात देणे मला सहज शक्य आहे, आणि ते मी आजवर केले नाही, हे कबूल करतो.

मधेच उतरलेला

या धाग्यावर सोडून जाणारा माणूस सतत गुन्हेगारासारखा येतो आहे, आणि मी तोच आहे. अर्थात आपल्या घरातील नव्हे. घरी आजारपण आले म्हणून मला सत्राच्या मध्यावर जावे लागले. सामाईक करारात माझे नाव असल्यामुळे मी गेल्यानंतरही भाडे देणे लागत होतो, हे मला पक्के ठाऊक होते आणि दोन महिने मी ते दिलेही.

दरम्यान मी बदली भाडेकरू शोधून पाठवले, एक नव्हे, तीन. मालकाची कोणालाच हरकत नव्हती. नकार माझ्या सोबत्यांनी दिला. पहिला फार अबोल वाटला, दुसरा कनिष्ठ वर्गातील होता, तिसऱ्याला नाकारण्याचे कारण मला सांगण्यातच आले नाही. घरात कोणी यावे हे ठरवण्याचा हक्क त्यांना हवा होता, त्या हक्काचे भाडे मात्र माझ्या खात्यातून जात होते. तिसऱ्या महिन्यापासून मी पैसे देणे थांबवले. कायद्याने मी चूक असेन, आणि कलमबहाद्दर ते कलमानिशी सांगतीलच. पण माझे सोबती आज जेव्हा ‘तो आम्हाला अडकवून गेला’ असे सांगतात, तेव्हा त्या तीन माणसांचा उल्लेख करतात की नाही, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

धागाकर्तीला माझा एकच प्रश्न आहे. आपली मैत्रीण गेल्यावर तिने कोणाला पाठवले होते का?

कोपऱ्यातली खोली

हो, एकीला पाठवले होते. संशोधन करणारी, आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी बाई होती. घर पाहून तिला आवडले आणि पुढच्याच आठवड्यात राहायला येण्याची तिची तयारी होती. ती आपल्यात मिसळणार नाही असे आमच्यापैकी दोघींचे म्हणणे पडले, आणि त्या दोघींपैकी एक मी होते. आमच्या सोडून गेलेल्या मैत्रिणीने त्यानंतर कोणाला पाठवले नाही आणि पैसेही पाठवले नाहीत. पहिल्या प्रतिसादातच हे लिहायला हवे होते.

कलमबहाद्दर, बदली भाडेकरूबद्दलचे आपले कलम मालकावर बंधन घालते. ते उरलेल्या भाडेकरूंवरही घालायचे असेल, तर त्याचे शब्द कसे असावेत?

कलमबहाद्दर

त्यासाठी मालकाची सही लागत नाही, चौघांनी आपसात करायचा वेगळा कागद पुरे. मी असे लिहीन: ‘सोडून जाणाऱ्याने सुचवलेली व्यक्ती मालकास मान्य असूनही उरलेल्यांनी तिला नाकारले, तर नकाराच्या तारखेपासून त्या खोलीचे भाडे नाकारणाऱ्यांनी समान वाटून द्यावे.’ घर ताब्यात घेण्यापूर्वी, सगळे एकमेकांशी गोड बोलत असतानाच, यावर सह्या घ्याव्यात.